जुन्या घराची भुई करताना : फरशीच्या खाली काय घालायचं

गावातलं जुनं घर दुरुस्तीला काढलं की घरच्यांची पहिली मागणी फरशीची असते. सारवण आता कोणाकडून होत नाही, स्वच्छ टाइल्स हव्यात. त्यातच घरातलं कोणी शहरात किंवा परदेशात फरशीखाली घातलेली उष्णतारोधक शीट बघून आलेलं असतं, आणि मिस्त्रीला विचारतं, आपणही घालायची का? विदर्भात याचं सरसकट उत्तर देता येत नाही. पहिल्यांदाच जुनं घर हाती घेणाऱ्याने कुठल्या क्रमाने विचार करायचा आणि काम कसं करून घ्यायचं, ते इथे सांगतो.

थंड मुलखात जमीन घरातली ऊब ओढून घेते, म्हणून तिथे फरशीखाली जाड थर घालून घर जमिनीपासून तोडतात. आपल्याकडे थंडी पडतच नाही असं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पण त्याच नागपुरात २३ मे २०१३ ला ४७.९ अंशांची नोंद झाली, आणि उन्हाळा चार महिने मुक्कामाला असतो. जमिनीत तीन-चार मीटर खाली तापमान वर्षभर जवळपास सारखं राहतं, त्या गावाच्या वार्षिक सरासरीच्या आसपास. नागपूरसाठी ही सरासरी साधारण २७ अंश. घराच्या सावलीतली माती आंगणातल्या मातीसारखी तापत नाही, म्हणून मे महिन्याच्या दुपारी माजघरात नुसत्या भुईवर पडलेल्या माणसाला डोळा लागतो. त्या भुईखाली दोन इंची शीट घातली, तर तो गारवा पैसे मोजून घालवल्यासारखं होईल.

तेव्हा माझं मत असं आहे. आधी ओल अडवा, ती सगळ्या खोल्यांत. उष्णतारोधक थर मात्र ज्या खोलीला त्याची खरी गरज आहे तिथेच घाला. आणि उन्हाळ्याच्या दुपारी घरातली माणसं जिथे बसतात-निजतात, ती भुई जमिनीला जोडलेली राहू द्या.

आधी घराभोवती एक चक्कर

घर बघायचं ते श्रावण-भादव्यात, आणि काम काढायचं ते संक्रांतीनंतर. उन्हाळ्यात सगळी घरं कोरडीच दिसतात. मिस्त्री फेब्रुवारीत येऊन भुईवर हात फिरवतो आणि म्हणतो, "भाऊ, जमीन तं चांगली कोरडी दिसून राहिली, टाकून देऊ फरशी." त्याच्या डोळ्यांना दिसतं ते खरंच असतं, पण पावसाळ्यात त्याच जागी काय होतं ते तुम्हालाच बघून ठेवावं लागेल.

पाणी बहुतेक वेळा बाहेरून येतं, म्हणून सुरुवात बाहेरून. गेल्या काही वर्षांत गावोगावी सिमेंटचे रस्ते झाले. दर वेळी जुन्या रस्त्यावरच नवा थर पडतो, रस्ता वर जातो आणि घराचं जोतं खाली राहतं. तुमच्या घराचं जोतं रस्त्यापासून निदान दीड फूट वर आहे का ते दोरी लावून मोजा. नसेल तर आतली भुई कितीही चांगली केली तरी पाणी भिंतीतून वाट काढणार. मग कवेलूच्या किंवा टिनाच्या पाख्यावरून पडणारं पाणी कुठे जातं ते बघा. भिंतीच्या मुळाशी पागोळ्यांनी चर पाडली असेल, तर आधी पन्हाळ लावायची. न्हाणीचं पाणी, रांजणाखालची जागा, भांडी घासायचा ओटा, सांदवाडीतला हातपंप हेही सोडू नका. पुष्कळ घरांत "जमिनीची ओल" म्हणून सांगितलेली ओल न्हाणीच्या फुटक्या पाइपातून आलेली असते, आणि तिला फरशी नाही, प्लंबर लागतो.

भिंतीच्या तळाला गुडघ्याएवढ्या उंचीवर नीट बघा. रंग फुगून पापुद्रे सुटलेले असतात, त्यांच्याखाली पांढरी, कापसासारखी भुरभुर दिसते आणि बोट लावलं की माती पिठासारखी गळते. हा लोणा. जमिनीतलं पाणी मातीच्या बारीक छिद्रांमधून वर चढतं, येताना क्षार घेऊन येतं आणि भिंतीच्या पृष्ठभागावर वाळतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि फुलताना भिंतीचं कवच उकलत जातात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात भूजलच खारं, त्यामुळे तिथल्या घरांना लोणा जास्त छळतो. लोण्याची रेघ किती उंच आहे आणि कुठल्या भिंतीला आहे, हे खडूने खूण करून ठेवा. पुढे फार उपयोगी पडेल.

भुईची परीक्षा सोपी आहे. दोन बाय दोन फुटांचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भुईवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब जमले तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूला दमटपणा आला तर तो हवेतला ओलावा आहे, गार भुईवर बसलेला. मृगाच्या पावसानंतर काही घरांत फरशीला असा घाम फुटतो. पहिल्यावर उपाय प्लास्टिकचा थर, दुसऱ्यावर उपाय उष्णतारोधक थर. दोन्ही आजार वेगळे, म्हणून ही परीक्षा टाळू नका.

माती कोणती, यावर अर्ध काम ठरतं

यवतमाळ, वाशीम, अकोला, अमरावती या भागात बहुतेक जागी कपाशीची काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पाडते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतलं तर दोन पावसाळ्यांत फरशी मधून उचलते किंवा कडेला बसते. शक्य तिथे दीड फूट काळी माती काढून मुरूम भरायचा, तो सहा-सहा इंचांच्या थरांत, प्रत्येक थर पाणी मारून धुम्मसाने ठोकून. एकदम दीड फूट मुरूम टाकून वरून पाणी सोडलं की तो बसला असं समजतात, पण वरचे सहा इंचच बसलेले असतात.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे पाऊस जास्त आणि बऱ्याच ठिकाणी माती हलकी, रेताड. तिथे फुगण्याची भीती कमी, पण धानाच्या बांध्या घराला लागून असतील तर चार महिने पाण्याची पातळी जोत्याच्या जवळ असते. तिथे गिट्टीचा थर आणि घराभोवतालची नाली जास्त महत्त्वाची.

काळ्या मातीत ओलाव्याची चढउतार हाच शत्रू असतो. घराभोवती तीन फूट रुंदीचा, बाहेर उतार असलेला पट्टा केला की भिंतीखालची माती बारा महिने एकसारखी राहते. भिंत मातीची असेल तर हा पट्टा तिला चिकटवू नका. मध्ये वीतभर जागा सोडून गिट्टी भरा.

कोणत्या खोलीला काय

माजघर, सपरी, बैठक : ओल अडवणारा थर, वर दगडी फरशी. उष्णतारोधक थर नको. हिवाळ्याचे दोन-अडीच महिने सतरंजी टाकली की काम भागतं.

कापूस, सोयाबीन, धान ठेवायची खोली : इथे मी शीट घालायला सांगेन. भुईला घाम आला की खालचा थर ओलावा धरतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत कापसाला ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो, त्यावर कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. सोयाबीनलाही १२ टक्क्यांची मर्यादा असते. शीटमुळे फरशी खोलीच्या हवेइतकी गरम राहते, मग हवेतलं पाणी तिच्यावर बसत नाही. शीट घालणं जमत नसेल तर लाकडी फळ्यांचा मांडव करून माल त्यावर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल.

आजारी किंवा वयस्क माणसाची, बाळंतिणीची खोली : पूर्वेकडच्या जिल्ह्यांत थंडीच्या रात्री दगडी फरशी पायांना झोंबते. पलंगाभोवतीच्या भागापुरती शीट घालता येते. पण ती खोली उन्हाळ्यातही त्यांचीच असेल तर मी घालणार नाही.

एसीची खोली : जमिनीतून येणारी उष्णता छपरातून येणाऱ्या उष्णतेपुढे काहीच नाही. हा पैसा छपरावर लावा.

एक जागा मात्र सगळेच विसरतात. पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या भिंतीबाहेर सिमेंटचं आंगण असेल, तर ते दिवसभर तापतं आणि जोत्यातून उष्णता आत ढकलतं. घरात त्या बाजूची दोन-तीन फूट फरशी संध्याकाळीही कोमट लागते. तिथे आंगणाचा भिंतीलगतचा पट्टा मोकळा करून झाडं लावणं किंवा सावली करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. फक्त मोठं होणारं झाड भिंतीपासून लांब. काळ्या मातीतलं पाणी निंबाची मुळं ओढतात आणि पाया बसतो.

उंचीचा हिशेब कागदावर

खोदायच्या आधी थर मोजा. गिट्टी ६ इंच, त्यावर चुरीचा किंवा रेतीचा थर १ इंच, शीट असेल तर २ इंच, काँक्रीट ३ ते ४ इंच, मसाला आणि फरशी मिळून पावणेदोन इंच. म्हणजे १३-१४ इंच. जुन्या घरांची दारं आधीच बुटकी असतात. भुई सहा इंच वर आली तर कपाळ चौकटीला लागेल. तयार फरशीची पातळी भिंतीवर निळीच्या दोरीने मारून घ्या आणि त्याप्रमाणे खोदा. सगळ्या खोल्यांची पातळी एकच ठेवायची असेल तर शीट नसलेल्या खोलीत मुरूम एक इंच जास्त भरा, कारण तिथे शीट नाही पण काँक्रीट इंचभर जाड असतं.

खोदताना सांभाळायचं ते

हा कामाचा सगळ्यात धोक्याचा भाग, म्हणून इथे घाई नको. जुन्या मातीच्या भिंतींचा पाया दगडाचा, मातीत रचलेला आणि बहुतेक वेळा उथळ असतो. एका कोपऱ्यात दीड फुटाचा खड्डा घेऊन पाया कुठपर्यंत आहे ते आधी बघा. पायाच्या तळापेक्षा खाली खोदायचं नाही. भिंतीलगत एक फूट जागा सोडून, उतार ठेवून खोदा. एका वेळी अर्धीच खोली घ्या, ती भरून ठोकून झाली की उरलेली अर्धी. जेसीबी आत आणायचा विचारही करू नका.

लाकडी खांब असतील तर ते तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, उभे असतात. नव्या फरशीची पातळी तळखड्याच्या माथ्यापेक्षा खाली राहिली पाहिजे. पुष्कळ ठिकाणी दिसायला बरं म्हणून खांबाचा पाय काँक्रीटमध्ये गाडतात. मग सागवानसुद्धा खालून कुजतं आणि वरून काही कळत नाही. भुई वर घ्यायचीच असेल तर छपराला टेकू देऊन तळखडा उचलून घ्यावा लागेल, आणि त्यासाठी जाणता सुतार बोलवा.

जुन्या वाड्यांत भुईखाली धान्याचं पेव, म्हणजे साठवणीचा खड्डा, असू शकतं. पहारीचा आवाज पोकळ आला की थांबा. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नका. बंद जागेत साचलेल्या वायूने माणसं दगावतात. तोंड मोकळं करून चांगलं हवेशीर होऊ द्या, माणूस न उतरवता वरूनच दगड-मुरूम भरा आणि पाणी मारून ठोका. उंदरांची बिळंही अशीच दगड-गिट्टीने बंद करा, नुसत्या मातीने नाही.

तळ तयार झाला की उधईचं औषध. इमिडाक्लोप्रिड असलेली वाळवीनाशकं कृषी केंद्रात मिळतात. प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं, त्यातच ठेवा. तळाच्या दर चौरस मीटरला, म्हणजे साधारण ११ चौरस फुटांना, ५ लिटर द्रावण लागतं. भिंतीच्या कडेने जास्त. विहीर किंवा बोअर अगदी जवळ असेल तर हे काम स्वतः करू नका, जाणकाराला विचारा. ओल असेपर्यंत पोरांना आणि गुराढोरांना तिकडे फिरकू देऊ नका. उधई थर्माकोल खात नाही, पण त्यातून बोगदे मात्र बिनदिक्कत पाडते.

थर एकावर एक

सगळ्यात खाली गिट्टी, ४० मिमीची, चुरी नसलेली. तिच्यातल्या पोकळ्या मोठ्या असल्याने पाणी वर चढू शकत नाही, ओल इथेच खुंटते. इथे राखड भरू नका. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीज केंद्रांमुळे राखड आपल्याकडे सहज मिळते, तिच्या विटाही चांगल्या होतात; पण बारीक राखड पाणी वर ओढते.

गिट्टी ठोकून झाली की वर इंचभर चुरी पसरून सपाट करा, नाहीतर टोकदार गिट्टी प्लास्टिक फाडेल. मग प्लास्टिक. बाजारात जे पातळ काळं प्लास्टिक मिळतं ते काँक्रीट ओततानाच फाटतं. निदान २५० मायक्रॉन, म्हणजे १००० गेजचं घ्या. कोणाच्या शेततळ्याचं ५०० मायक्रॉनचं अस्तर उरलेलं असेल तर त्याहून उत्तम काही नाही. फक्त उन्हात पडून कडक झालेलं नको. जोडावर एक फूट एकावर एक चढवा आणि पट्टीने चिकटवा. मजूर त्यावर चालताना अनवाणी असावेत.

भिंत पक्क्या विटांची, सिमेंटची असेल तर प्लास्टिक कडेने फरशीच्या पातळीपर्यंत वर वळवा. भिंत मातीची असेल तर वेगळं करावं लागतं, आणि बहुतेक नव्या फरशा इथेच घर बिघडवतात. पूर्वी ओल सगळ्या भुईतून हळूहळू उडून जात होती. तुम्ही मधला भाग प्लास्टिकने बंद केला की ती बाजूला सरकते आणि भिंतीत चढते. लोण्याची खडूने केलेली खूण दुसऱ्या वर्षी फूटभर वर गेलेली दिसते. म्हणून मातीच्या भिंतीपासून नऊ इंच ते एक फूट अलीकडेच प्लास्टिक आणि काँक्रीट थांबवा. त्या पट्ट्यात वरपर्यंत गिट्टी भरा आणि त्यावर शहाबादी फरशीच्या पट्ट्या चुन्यात बसवा : भिजवून मुरवलेला चुना एक भाग, सुरखी (विटांची पूड) एक, रेती दोन. सांध्यांतही चुनाच. चुना पाण्याची वाफ जाऊ देतो. आणि त्या भिंतीला आतून-बाहेरून सिमेंटचं प्लास्टर करू नका. मातीचा किंवा चुन्याचाच गिलावा ठेवा.

ज्या खोलीत शीट घालायची आहे तिथे ती आता प्लास्टिकवर येईल. एक्सपीएस शीट (थर्माकोलच्याच जातीची, पण घट्ट) सगळ्यात चांगली. ती पाणी जवळजवळ पीत नाही. दोन इंची शीट जेवढी उष्णता अडवते तेवढी अडवायला काँक्रीट साधारण सात फूट जाड करावं लागेल. वजनाची चिंता नको. दोन मीटर उंच रचलेल्या गव्हाच्या पोत्यांचा भार चौरस मीटरला दीड टनाच्या आसपास येतो आणि फरशीसाठीची शीट त्याच्या कितीतरी पट झेलते. स्वस्तात थर्माकोलही चालतो, पण टीव्हीच्या खोक्यातला नाही. दुकानात वजन करून घ्या : एक मीटर लांब, अर्धा मीटर रुंद आणि ५० मिमी जाड शीट निदान अर्धा किलो भरली पाहिजे. त्याहून हलकी असेल तर ती दबेल. धानाचं तूस राइस मिलवर स्वस्तात मिळतं म्हणून ते भरायचा मोह होतो. भुईखाली ते कुजतं आणि उंदरांना घर मिळतं. एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ब्लॉकचे) तुकडे प्लास्टिकच्या वर घातले तर थोडं काम करतात, पण ओले झाले की नाही.

शीटचे सांधे एकमेकांना घट्ट भिडवा, वर पट्टी लावा आणि वरून आणखी एक पातळ प्लास्टिक पसरा, म्हणजे सिमेंटचं पाणी सांध्यात शिरणार नाही. भिंत पक्की असेल तर कडेने शीटची इंचभर जाड पट्टी उभी करा.

काँक्रीट

शीट नसलेल्या खोलीत ४ इंच, १:४:८ (सिमेंट, रेती, गिट्टी) चालतं. दहा बाय बारा फुटांच्या खोलीला अंदाजे ४ पोती सिमेंट, १९-२० घनफूट रेती आणि ३८-४० घनफूट गिट्टी. शीटवर मात्र ३ इंच, १:२:४, आणि मधोमध वेल्डेड जाळी. त्याच खोलीला साडेपाच पोती सिमेंट, १३ घनफूट रेती, २६ घनफूट गिट्टी. जाळी शीटवर पडून राहिली तर तिचा उपयोग नाही, तिच्याखाली दगडाचे छोटे तुकडे ठेवून ती उचलून घ्या. खारपाणपट्ट्यात बोअरचं खारं पाणी काँक्रीटला वापरू नका. टँकरचं किंवा नळाचं गोडं पाणी आणा. लोणा बाहेरून अडवायचा आणि आतून स्वतःच कालवायचा, असं होऊ नये.

मार्चनंतर काम आलं तर काँक्रीट सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ओता. दुसऱ्या दिवशी सिमेंट-रेतीची आळी करून पाणी भरून ठेवा किंवा ओला बारदाना पसरा, आणि निदान सात दिवस तो वाळू देऊ नका. एप्रिलच्या उन्हात एक दुपार कोरडी गेली तरी केसासारख्या भेगा पडतात.

वर काय बसवायचं ती आवड घरच्यांची, पण मी कोटा किंवा शहाबादी दगडाच्या बाजूने आहे. उन्हाळ्यात गार, ओल्या पायाला घसरत नाही, आणि एखादा तुकडा उचलून खालचं बघायचं झालं तर फोडावा लागत नाही. चकचकीत टाइलवर म्हातारी माणसं पडतात. आणि घर पूर्ण मातीचं, कोरड्या उंचवट्यावर असेल, सारवणारं कोणी घरात असेल, तर गिट्टीच्या थरावर मुरूम आणि पांढरी माती ठोकून मातीचीच भुई ठेवायलाही काही हरकत नाही. सेवाग्रामची बापू कुटी १९३० च्या दशकातली, मातीच्या भिंतींची आणि कवेलूच्या छपराची. ती अजून उभी आहे ती देखभालीवर.

माडी असेल तर

विदर्भात खालून उष्णता अडवायची गरज कमी आणि वरून जास्त, म्हणून माडीची भुई हीच शीट घालायची खरी जागा. टिनाखालची माडी दुपारी भट्टी होते आणि तिची भुई खालच्या खोलीचं छत असते.

जुन्या माडीवर सागवानी फळ्यांवर तीन-चार इंच मातीचा थर असतो. चार इंच माती म्हणजे चौरस मीटरला सुमारे १६० किलो. दहा बाय बाराच्या खोलीवर पावणेदोन-दोन टन. ती माती उतरवली की जुन्या तुळयांवरचा भार हलका होतो. उतरवताना मधोमध ढीग करू नका, थोडी-थोडी काढून लगेच खाली पाठवा. मग तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथे सुऱ्याचं टोक टोचून बघा. सहज आत गेलं तर लाकूड कुजलेलं आहे आणि आधी ते बदलायचं. लाकूड ठणठणीत असेल तर फळ्यांवर दोन इंची एक्सपीएस आणि वर सिमेंट बोर्ड किंवा प्लायवूड. शीट उघडी ठेवायची नाही, ती आग पकडते. वायर पाइपातून न्यायची. चुलीचं धुराडं माडीतून जात असेल तर त्याच्याभोवती फूटभर शीट न घालता रॉकवूल (न जळणारी दगडी लोकर) भरा.

पैसे कमी असतील तेव्हा

क्रम असा ठेवा : पन्हाळ आणि बाहेरची नाली, मग गिट्टी आणि प्लास्टिक, मग माडीची किंवा छपराची शीट, मग मालाच्या खोलीची शीट. फरशीचा दगड सगळ्यात शेवटी. काँक्रीट घोटून गुळगुळीत केलं तर त्यावर दोन वर्षं आरामात राहता येतं.

पहिल्या पावसाळ्यात भिंतीलगतच्या चुन्याच्या पट्ट्यावर पांढरे क्षार फुलतील. घाबरू नका, पट्टा त्याचसाठी सोडलेला आहे. क्षार कोरड्या झाडूने झाडून बाहेर टाका. पाण्याने धुतले तर ते पुन्हा आत जिरतात. पट्ट्यावर कपाट, कोठी किंवा पोती टेकवून ठेवू नका. भादव्यात प्लास्टिकचा तुकडा चिकटवून परीक्षा पुन्हा घ्या आणि लोण्याची रेघ खडूच्या जुन्या खुणेशी ताडून बघा. रेघ वर चढली असेल तर पट्ट्यातला चुना काढून गिट्टी उघडी करा आणि त्या भिंतीबाहेरची नाली पुन्हा तपासा.